‘गांधी’ चित्रपट पुन्हा पाहताना

राजकीय नेत्यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याची अलीकडे एक लाटच आली आहे. निवडणुकांचा हंगाम जवळ आला की या लाटेला अधिकच भरती येते. यांतील बहुतेक चित्रपटांत नायक पहिल्या प्रसंगापासूनच थोर असतो. त्याला कधी शंका येत नाही, घरी कोणाशी त्याचे मतभेद होत नाहीत, आणि त्याच्या विरोधकांजवळ एकही विचार करण्याजोगा मुद्दा नसतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर अशा चित्रपटांत केवळ जमेची बाजू लिहिलेली असते, नावेची बाजू कोरी सोडलेली असते. ज्या खतावणीत नावेच नाही, तिच्या शिलकेवर कोणताही जाणता व्यापारी विश्वास ठेवणार नाही.

या पार्श्वभूमीवर रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ हा चित्रपट गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातील मुलांसमवेत पुन्हा एकदा पाहिला. तो ३० नोव्हेंबर १९८२ रोजी नवी दिल्लीत प्रथम दाखविला गेला. त्या काळी मी पुण्यात एम.कॉम.चे शिक्षण घेत होतो आणि चित्रपटगृहाच्या मागच्या रांगेत बसून तो पाहिला होता. त्या वेळी मनावर ठसली ती भव्यता. आता चार दशकांनंतर, बँकेतील नोकरी पूर्ण करून निवृत्त झाल्यावर, तोच चित्रपट पाहताना मन वेगळ्याच गोष्टींवर रेंगाळले. त्यांतील काही गोष्टी पडद्यावर आहेत आणि काही पडद्यावर आलेल्याच नाहीत. आपल्या समाजाशी व व्यापारी कुटुंबांशी या दोहोंचा निकटचा संबंध असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

चित्रपटाच्या जन्माची कथा प्रथम सांगावीशी वाटते. लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कार्यालयात काम करणारे मोतीलाल कोठारी हे गांधीजींचे निस्सीम भक्त होते. १९६२ साली त्यांनी ॲटनबरो यांना गाठले आणि गांधीजींवर चित्रपट काढावा असा आग्रह धरला. लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचून ॲटनबरो भारावले आणि कामाला लागले. परंतु पैसा उभा राहीना. परदेशी स्टुडिओंना पंचा नेसलेल्या म्हाताऱ्यावरील चित्रपटात बाजारमूल्य दिसत नव्हते. कोठारी १९७० साली निवर्तले. ज्याचा ध्यास घेतला होता तो चित्रपट त्यांना पाहता आला नाही. ॲटनबरो यांनी मात्र नाद सोडला नाही. ‘द माउसट्रॅप’ या लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेल्या नाटकाच्या नफ्यात त्यांचा हिस्सा होता. तोही त्यांनी या कामासाठी विकला. आमच्या बँकेच्या भाषेत, खात्रीच्या उत्पन्नाची मालमत्ता मोडून अनिश्चित प्रकल्पात घातलेला हा पैसा होता. कोणत्याही शाखा व्यवस्थापकाने असे कर्ज मंजूर केले नसते! अखेर भारत सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानेही भांडवल पुरविले आणि अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर १९८० च्या अखेरीस चित्रीकरण सुरू झाले. चित्रपट ज्यांना अर्पण केला आहे, त्यांत पंडित नेहरू आणि लॉर्ड माउंटबॅटन यांच्या बरोबरीने मोतीलाल कोठारी यांचेही नाव आहे. एका सामान्य नोकरदाराचे नाव दोन सत्ताधीशांच्या पंक्तीत आलेले पाहून समाधान वाटले.

चित्रपटाची सुरुवात अखेरच्या प्रसंगाने होते. ३० जानेवारी १९४८ ची सायंप्रार्थना, तीन गोळ्या, आणि त्यानंतरची अथांग अंत्ययात्रा. या एका दृश्यासाठी दिल्लीच्या राजपथावर सुमारे तीन लाख माणसे जमली होती आणि त्यांतील बहुसंख्य स्वेच्छेने, बिनपैशाने आलेली होती. आज संगणकावर हवी तेवढी गर्दी निर्माण करता येते. पण स्वखुशीने आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य संगणकाला कोठून साधणार? त्यानंतर कथा एकदम १८९३ मध्ये जाते. पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या एका तरुण वकिलाला सामानासह डब्याबाहेर फेकले जाते. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या तरुणापासून बिर्ला हाउसच्या हिरवळीपर्यंतचा चौपन्न वर्षांचा प्रवास पुढे तीन तासांहून अधिक वेळ आपण पाहत राहतो.

बेन किंग्जली यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. वडिलांकडून गुजराती असलेल्या या इंग्रज नटाचे मूळ नाव कृष्ण भानजी. त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि चित्रपटाने एकंदर आठ ऑस्कर पटकावले. मराठी वाचकांना मात्र या यशात आपल्या माणसांचा वाटा किती मोठा आहे, याची आठवण करून द्यावीशी वाटते. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी त्या वेळी तरुणच होत्या. तरुण पत्नीपासून आगाखान पॅलेसमधील मृत्युशय्येपर्यंतचे वय त्यांनी ज्या सहजतेने पेलले, त्याबद्दल त्यांना ब्रिटिश अकादमीचा उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. नामदार गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. आणि वेशभूषेचे ऑस्कर जॉन मोलो यांच्यासह मिळविणाऱ्या भानू अथय्या या मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

कापडाच्या व्यवसायातील आपल्या बांधवांनी या चित्रपटातील कपडे लक्षपूर्वक पाहावेत. आरंभी विलायती सूट, ताठ कॉलर आणि टाय. भारतात परतल्यावर काठेवाडी अंगरखा आणि पागोटे. पुढे साधे धोतर, आणि शेवटी केवळ पंचा. एक प्रसंग फार बोलका आहे. नदीकाठी एक गरीब स्त्री अंगावरच्या फाटक्या वस्त्रानिशी उभी असते. गांधीजी हातातील वस्त्र हलकेच प्रवाहावर सोडतात आणि ते वाहत तिच्यापर्यंत पोहोचते. दान देणाऱ्याने घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहू नये, तिला उपकाराचे ओझे वाटू नये, हे किती सुंदर रीतीने दाखविले आहे! इतिहासात पंच्याचा निर्णय १९२१ च्या सप्टेंबरात मदुराई येथे झाला. आपण अपरिग्रहावर प्रवचने ऐकतो. येथे अपरिग्रह ही एक वजाबाकी होऊन प्रसंगाप्रसंगाने डोळ्यांपुढे उतरत जाते.

तीन दृश्ये या वेळीही मला अस्वस्थ करून गेली. पहिले जालियनवाला बागेचे. १३ एप्रिल १९१९ रोजी १६५० फैरी झाडल्या गेल्या. चित्रपट गोळीबार दाखवून थांबत नाही. तो जनरल डायरला चौकशी समितीपुढे उभे करतो. जखमींसाठी काय व्यवस्था केली, या प्रश्नावर त्याचे कोरडे उत्तर गोळीबाराहून अधिक भयंकर वाटते. हिंसा हातात बंदूक असतानाच होते असे नाही. नियमाच्या कागदामागे दडूनही ती करता येते. दुसरे दृश्य १९२२ च्या खटल्याचे. आरोपी न्यायालयात येताच न्यायाधीश ब्रूमफील्ड उठून उभे राहतात आणि मग सहा वर्षांची शिक्षा सुनावतात. कर्तव्य आणि आदर एकाच माणसात एकाच वेळी कसे नांदू शकतात, हे या एका कृतीत दिसते.

तिसरे दृश्य धारासणाच्या मिठागराचे. १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रहींच्या रांगा एकामागून एक पुढे सरकत होत्या आणि लोखंडी टोकाच्या लाठ्या त्यांच्या डोक्यांवर पडत होत्या. कोणीही हात वर करून डोके झाकले नाही. पडलेल्यांना स्त्रिया उचलून नेत आणि पुढची रांग चालू लागे. हे दृश्य चालू असताना माझ्या शेजारी बसलेल्या नवव्या इयत्तेतील नातवाने विचारले, “आजोबा, आपणही अहिंसा पाळतो ना? मग ही अहिंसा वेगळी का दिसते?”

प्रश्न सरळ होता, पण उत्तर सरळ नव्हते. आपल्या घरांत अहिंसा आहे याबद्दल शंका नाही. पाणी गाळून घेतले जाते, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, चातुर्मासात हिरव्या भाजीची मर्यादा असते, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून मुले जपून चालतात. हा संस्कार मोलाचा आहे आणि तो टिकला पाहिजे. परंतु ही अहिंसा मुख्यतः न करण्याची आहे. धारासणाची अहिंसा करण्याची होती. स्वयंपाकघरात काटेकोर असलेली आपली अहिंसा उंबरठा ओलांडून पेढीवर कितपत येते? हमालाशी, मुनीमाशी, अडलेल्या शेतकऱ्याशी, थकबाकीदाराशी आपण बोलतो तेव्हा ती कोठे असते? नातवाला मी एवढेच सांगितले, “बाळ, अहिंसा तीच आहे; तिला किती लांब नेतो हे ज्याच्या त्याच्या पायांतील बळावर आहे.”

आता पडद्यावर नसलेल्या गोष्टींकडे वळतो. चित्रपटाच्या आरंभीच दिग्दर्शकाने नम्रपणे सांगितले आहे की कोणत्याही माणसाचे संपूर्ण आयुष्य एका कथनात सामावणे शक्य नाही. अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्यांना ही भूमिका आपलीच वाटेल. प्रत्येक कथन हा एक नय असतो. तो तेवढ्यापुरता खरा असतो, पण तोच पूर्ण सत्य आहे असे म्हटले की दुर्नय होतो. या नयाच्या कक्षेबाहेर बरेच काही राहिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चित्रपटात नाहीत. म्हणून १९३२ चे येरवड्यातील उपोषण आणि पुणे करारही नाही. नेताजी सुभाषचंद्र नाहीत. बॅरिस्टर जिनांची बाजू घाईने उरकली आहे. ज्येष्ठ पुत्र हरिलाल आणि पिता यांच्यातील वेदनेचा मागमूस नाही; त्यासाठी फिरोज अब्बास खान यांचा २००७ सालचा ‘गांधी, माय फादर’ पाहावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील दोन दशकांसाठी श्याम बेनेगल यांचा १९९६ सालचा ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’ आहे. एकाच विषयावरचे तीन नय शेजारी ठेवले तर वस्तूचे थोडे अधिक दर्शन घडते.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. १८८८ साली मोहनदास विलायतेस निघाले तेव्हा आईच्या मनात धास्ती होती. ती दूर केली बेचरजी स्वामी या जैन साधूंनी. ते मूळचे मोढ वाणी आणि गांधी कुटुंबाचे सल्लागार. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी तरुणाकडून घेवविली आणि मगच आईने परवानगी दिली. त्यानंतर १८९१ च्या जुलै महिन्यात बॅरिस्टर होऊन मुंबईस उतरताच डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची गाठ पडली ती श्रीमद् राजचंद्र यांच्याशी. राजचंद्रांचे वय त्या वेळी चोवीसच्या आसपास. शतावधानी म्हणून त्यांची कीर्ती होती, हिरे-मोत्यांच्या व्यापारात ते भागीदार होते, आणि लाखांचा सौदा संपताच त्याच गादीवर बसून आत्मचिंतनाची वही उघडीत. गांधीजींना आश्चर्य वाटले ते या गोष्टीचे. स्मरणशक्तीचे प्रयोग त्यांना तितके महत्त्वाचे वाटले नाहीत.

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती मित्रांच्या धर्मचर्चेने गांधीजींचे मन डळमळले, तेव्हा १८९४ साली त्यांनी राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर कोण, मोक्ष म्हणजे काय, असे ते प्रश्न होते. आणि राजचंद्रांनी त्यांची सविस्तर उत्तरे पाठविली. आपल्या जीवनावर ज्यांचा खोल ठसा उमटला अशी तीन नावे गांधीजींनी आत्मकथेत दिली आहेत: टॉल्स्टॉय आणि रस्किन हे ग्रंथांतून, आणि रायचंदभाई प्रत्यक्ष सहवासातून. तथापि, त्यांना गुरुपदी बसविणे मात्र आपल्याला शक्य झाले नाही, हेही गांधीजी प्रांजळपणे लिहितात. १९०१ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी राजचंद्रांचे राजकोट येथे देहावसान झाले. मुंबईच्या गावदेवीतील मणिभवन, जेथून १९१७ ते १९३४ या काळात अनेक आंदोलनांची सूत्रे हलली, ते घर राजचंद्रांचे व्यापारातील भागीदार रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. एवढे सर्व असूनही तीन तासांच्या चित्रपटात या व्यापारी-साधकाला एक वाक्यही मिळालेले नाही. याची तक्रार मी करीत नाही. इंग्रज दिग्दर्शकाला जे दिसले ते त्याने दाखविले. आपल्या घरातले मुलांना सांगणे हे आपले काम आहे.

आणि व्यापाऱ्यांना जी गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी, तीही चित्रपटात नाही. गांधीजी आफ्रिकेत गेले ते चळवळीसाठी नव्हे, एका दिवाणी दाव्यासाठी. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना वर्षभरासाठी १०५ पौंड आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊन बोलाविले होते. दावा होता तय्यब शेठ यांच्याविरुद्ध, सुमारे ४० हजार पौंडांचा. दोघेही पोरबंदरकडचे आणि नात्यातले. चित्रपट आगगाडीच्या प्रसंगानंतर वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याकडे वळतो. दाव्याचे पुढे काय झाले ते सांगत नाही. आत्मकथेत मात्र ते सविस्तर आहे. हिशेबाची कागदपत्रे बारकाईने वाचण्यासाठी तरुण वकिलाने जमाखर्चाचे पुस्तक आणून अभ्यास केला. आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे हे ओळखूनही, वकिलांच्या खर्चात दोघेही बुडतील हे जाणून त्याने लवादासाठी दोघांना राजी केले. निकाल दादा अब्दुल्ला यांच्या बाजूने लागला: ३७ हजार पौंड आणि खर्च.

खरी परीक्षा येथून पुढे होती. तय्यब शेठ एकरकमी एवढे पैसे देऊ शकत नव्हते. एक पैही कमी द्यायची नाही आणि दिवाळेही काढायचे नाही, असा त्यांचा बाणा. कारण तेथील पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांत दिवाळखोरीपेक्षा मरण बरे अशी समजूत होती. उपाय एकच: दादा अब्दुल्ला यांनी सवडीचे हप्ते द्यावेत. लवादास राजी करण्यापेक्षा हप्त्यांना राजी करणे अधिक जड गेले, असे गांधीजींनी लिहिले आहे. जिंकलेल्याला उदार करणे हे हरलेल्याला समजावण्यापेक्षा नेहमीच कठीण असते. अखेर दीर्घ मुदतीचे हप्ते ठरले, दोघांची इभ्रत राहिली आणि दोघेही संतुष्ट झाले. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हा धडा गांधीजींना येथे मिळाला.

बँकेत असताना वसुली विभागात मी काही वर्षे काम केले आहे. म्हणून हे प्रकरण मला कोणत्याही सत्याग्रहाइतकेच महत्त्वाचे वाटते. ऋणको दोन प्रकारचे असतात: देण्याची इच्छा नसलेले आणि देण्याची ऐपत नसलेले. पहिल्यांशी कठोर व्हावेच लागते. परंतु दुसऱ्यांना पहिल्यांच्या पंक्तीत बसविले की धनकोचेही पैसे बुडतात आणि एक संसारही बुडतो. आपल्या शास्त्रकारांनी अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. जीवावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे लादणे, असा त्याचा अर्थ. आपण तो बैलगाडीपुरता ठेवला आणि बैलगाड्या गेल्याबरोबर विसरलो. तारखेवर तारीख आणि व्याजावर व्याज हेही एक ओझेच आहे.

या चर्चेला आमच्या घरात एक निमित्त होते. माझ्या पुतण्याचे भुसार मालाचे दुकान आहे. शेजारच्या तालुक्यातील एका किरकोळ दुकानदाराकडे त्याची अकरा लाखांची उधारी थकली होती. धनादेश परत आला, कलम १३८ खाली खटला झाला आणि तीन वर्षे तारखा पडत राहिल्या. दोन्ही घराण्यांचा व्यवहार त्यांच्या आजोबांपासूनचा. आता समोरासमोर आले तरी जय जिनेंद्रही होईना. चित्रपट संपल्यावर मी दादा अब्दुल्ला यांच्या दाव्याचे प्रकरण मुलांना वाचून दाखविले. पुतण्या तेथेच होता. ऐकून तो हसला आणि म्हणाला, “काका, गांधीजींच्या वेळी समोरचा माणूस दिवाळे काढायला लाजत होता. आता लाजतो कोण?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी वाद घातला नाही. एवढेच विचारले, “हा गडी लाजणाऱ्यांतला आहे की निगरगट्टांतला, ते तुला माहीत आहे ना?” तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मुलीचे लग्न पुढे ढकलले त्याने. गाव सोडून गेला नाही.” त्याच रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. तीन वर्षांत वकिलावर, फेऱ्यांवर झालेला खर्च मांडला. व्याज सोडले तर तोटा किती आणि न सोडले तर मिळणार किती, हेही मांडले. कलम १३८ खालील प्रकरण तडजोडीने मिटविता येते, कायद्याची आडकाठी नाही, हे मी त्याला सांगितले. निर्णय त्याचा होता. आठवडाभराने त्याने व्याज सोडून मुद्दलाचे छत्तीस हप्ते करण्याचा निरोप पाठविला. न्यायालयात तसा लेख झाला. आतापर्यंत चार हप्ते आले; त्यांतील तिसरा आठ दिवस उशिरा आला. पुढचे येतील की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. सोडलेले व्याज ही खरीखुरी रक्कम आहे, ती काही पुण्याच्या खात्यावर जमा होऊन पुन्हा उचलता येत नाही. परंतु दोघांत बोलणे सुरू झाले आहे, आणि क्षमापनेच्या दिवशी औपचारिक संदेश पाठविण्याऐवजी तो दुकानदार स्वतः घरी येऊन गेला.

जाता जाता आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करतो, कारण घरातील स्त्रियांनी त्यावर मला चांगलेच अडविले. १९०१ मध्ये नाताळहून परतताना गांधी दांपत्याला सोन्याचांदीच्या मौल्यवान भेटी मिळाल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा हार होता. सार्वजनिक सेवेचे मोल घ्यायचे नाही म्हणून गांधीजींनी सर्व भेटींचा विश्वस्तनिधी करून दागिने बँकेत ठेवले. कस्तुरबांनी कडाडून विरोध केला होता. तुमच्या सेवेत माझे राबणे नव्हते काय, सुनांना उद्या काय घालू, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रसंग चित्रपटात नाही. तेथे आश्रमातील संडाससफाईवरून झालेले भांडण आहे, आणि पत्नीला दाराबाहेर ओढणारा, मग स्वतःच लज्जित होणारा पतीही आहे. दागिन्यांचे प्रकरण सांगताच माझी पत्नी म्हणाली, “बरोबर कस्तुरबांचेच होते. हार तिचा होता, निर्णयही तिलाच विचारून व्हायला हवा होता.” यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही, आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नाही. गांधीजींनी स्वतःच्या चोपडीत नावेची बाजूही स्वतःच लिहून ठेवली, म्हणून तर आज आपण हा वाद घालू शकतो. विश्वस्तवृत्तीचा त्यांचा विचारही गीतेतील अपरिग्रह आणि इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताची कल्पना यांच्या एकत्र चिंतनातून आकाराला आला. संपत्ती हाती असावी पण तिच्यातील एक पैही आपली मानू नये, ही कल्पना परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्या श्रावकाला अपरिचित वाटू नये.

‘गांधी’ हा चित्रपट निर्दोष नाही. त्यात भक्तिभाव अधिक आहे आणि परदेशी पाहुण्यांना जागा जरा जास्तच मिळाली आहे. तरीही नेत्यांवरील आजच्या चित्रपटांपेक्षा तो वेगळा वाटतो, कारण त्याचा नायक अखेरपर्यंत स्वतःकडेच हिशेब मागत राहतो. कलकत्त्याच्या उपोषणात एक दंगलखोर हिंदू त्याच्या पुढ्यात भाकरी फेकतो आणि आपण एका मुसलमान बालकाला ठार केल्याची कबुली देतो. नायक त्याला शाप देत नाही. एका पोरक्या मुसलमान मुलाला घरी आण आणि मुसलमान म्हणूनच वाढव, अशी वाट दाखवितो. प्रायश्चित्ताचा हा विचार प्रतिक्रमण करणाऱ्यांच्या अंतःकरणाला भिडल्याशिवाय राहणार नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच की सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह हा चित्रपट अवश्य पाहावा. एका बैठकीत न जमल्यास दोन दिवसांत पाहावा. सोबत आत्मकथेतील रायचंदभाईंचे आणि दादा अब्दुल्लांच्या दाव्याचे प्रकरण मोठ्याने वाचावे. त्यानंतर घरातील कर्त्या माणसाने उधारीची वही एकदा उघडून, लाजणारे कोण आणि निगरगट्ट कोण, याची निवड करावी. मुले ते पाहत असतील.

सर्वांना सादर जय जिनेंद्र.